पाखरू शिवत नाही अशी ज्वारी

शाकीर मामूच्या शेतात एकही पाखरू उतरत नव्हतं, आणि आम्हाला त्याचा इतका अभिमान होता की मामूनं त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. व्हिडिओत नुसती ज्वारी. डोक्याच्या वर गेलेली, हिरव्यागार कणसांची. मागून मामूचा आवाज, "देखो भाई, एक चिडिया दिखाव!" आणि खाली मी सुचवलेली ओळ: 'पाखरूसुद्धा शिवत नाही असा हुरडा. आजच बुकिंग करा.'

हसताय ना? हसा खुशाल. आमच्या घरात अम्मीपासून सगळ्यांनी ती ओळ वाचली आणि सगळे म्हणाले, वा!

मी आफरीन, नववीत आहे. शाकीर मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. तो सोलापुरात टेम्पो चालवायचा, चादरींचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायचा. यंदा त्यानं टेम्पो विकला आणि अक्कलकोट रोडला नानांची जी पडीक जमीन होती तिथं हुरडा पार्टी सुरू करायची ठरवली. दोन खाटा, एक झोका, पत्र्याची शेड, आणि ज्वारी. हुरड्याची खरी कटकट पाखरांची असते. दाणा दुधात आला की सकाळपासून दिवस मावळेपर्यंत राखण करावी लागते, आणि राखणीला हल्ली माणूसच मिळत नाही. वैरागच्या बाजारात मामूला कुणीतरी सांगितलं, एक बियाणं आहे, त्याला पाखरू तोंड लावत नाही. मामूला वाटलं, लॉटरीच लागली. दाणा जरा तपकिरी होता, पण रंगाचं काय एवढं?

आता माझं ऐका. मी दिवाळीपर्यंत वर्गात 'प्रेझेंट मॅडम' इतकी हळू म्हणायचे की दोनदा माझी गैरहजेरी लागली होती. खरंच. माझी मैत्रीण सृष्टी शेजारून ओरडून सांगायची, "मॅडम, ही आली आहे!" पण डिसेंबरात आमच्या विज्ञानाच्या श्रीदेवी मॅडम म्हणाल्या की यंदा सहल शेतात न्यायचीय, कुणाच्या ओळखीचं शेत आहे का? आणि माझा हात वर गेला. माझाच. मी उभी राहिले आणि एका दमात बोलले की माझ्या मामूची हुरडा पार्टी आहे, तुम्ही सगळे पहिले पाहुणे व्हा, गोड हुरडा मिळेल, झोका आहे. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि मला ते लई आवडलं होतं.

म्हणजे सहलीचा तो रविवार मामूचा पहिला धंदा होता आणि माझा पहिला शब्द होता.

बांधाच्या पलीकडे केराबाईंचं रान. मामू त्यांना केराक्का म्हणतो, मी केरामावशी. त्यांच्या घरी मेंढरं आहेत. मुलगा बिरुदेव ती घेऊन चारणीला लांब गेलेला, आणि मावशी एकट्या शेतावर. त्यांनी नेहमीची गुळभेंडी पेरली होती, हुरड्याची गोड ज्वारी. चार मेढींवर खाट बांधून केलेल्या माळ्यावर त्या बसायच्या आणि पाखरं हाकायच्या. पण खांदा धरला होता, गोफण फिरत नव्हती. आणि त्या वर्षी भोरड्यांचे थवेच्या थवे आले होते. भोरडी पाहिलीय? गुलाबी स्वेटर घातलेली मैना समजा. एक असली तर गोड दिसते. हजार असल्या तर आभाळात काळी चादर झटकल्यासारखं होतं, आणि ती चादर मग कुणाच्या तरी ज्वारीवर पसरते.

ती रोज मावशींच्याच ज्वारीवर पसरत होती.

"ए शाकीर!" एक दिवस मावशी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "काय मारलंस रं रानात?"

"काही नाही मारलं, केराक्का."

"मग पाखरं तुज्यात का उतरंनात? माज्यातच का मरत्यात समदी? औशिद मारलंस तू. आन् त्येच लेकरांस्नी चारणार हायस!"

"बी चांगलं आहे माझं. वैरागचं आहे."

"लई शाणं बी हाय की! पाखरास्नी माजा पत्ता सांगतंय."

मामू हसला. मीही हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी मामूशी बोलणं टाकलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मामू मला गाडीवर शेतात घेऊन गेला. परवा पाहुणे येणार, आज आपण चव बघू, असा बेत. आगटीच्या खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या, निखारे झाले, त्यात कणसं खुपसली. वास इतका छान सुटला की मी चटणीची पुडी आधीच उघडून बसले. मामूनं कणीस काढलं, हातावर चोळलं, फुंकर मारली, हिरवे वाफाळते दाणे माझ्या तळहातावर ओतले. "बिस्मिल्ला कर."

मी तोंडात टाकले.

कसं सांगू? कच्चं केळं सालीसकट खाल्लंय कधी? तसं. आधी काहीच वाटलं नाही. मग जीभ आकसली, मग गाल आतून आवळले गेले, मग दातांवरून कुणीतरी खादीचं फडकं ओढतंय असं झालं. थुंकावं म्हटलं तर थुंकीच नाही!

"कैसा है?" मामूनं विचारलं.

मी मान हलवली. त्यानं मूठभर तोंडात टाकले. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नुसते चघळत राहिलो.

"कच्चं राहिलं असेल," मामू म्हणाला. पुन्हा भाजलं. तुरट. जास्त भाजलं. तुरट आणि जळकं. गूळ लावला, लिंबू पिळलं, दह्यात बुडवलं. दही वाया गेलं. शेताच्या चारही कोपऱ्यांतून कणसं आणली. सगळी सारखी. तेव्हा मामू खाटेवर बसला आणि हातातलं कणीस नुसतं फिरवत राहिला. एरवी टेम्पो चालवताना तो हॉर्नशीसुद्धा बोलायचा.

"जो चिडिया नहीं खाती," शेवटी तो म्हणाला, "वो मैं इन्सानों को खिलाने निकला था."

मग त्यानं फोन लावले. गुळभेंडीवाले जेवढे ओळखीचे होते तेवढ्यांना. हुरडा आदल्या दिवशी तोडून ठेवता येत नाही, दाण्यातलं दूध आटतं, त्यामुळे ज्याचं शेत त्याचेच पाहुणे. सगळ्यांचा रविवार भरलेला. एकानं मात्र मोठ्या मनानं सांगितलं, सोमवारी या.

"मॅडमला सांग, येऊ नका," मामू म्हणाला.

मी फोन घेऊन शेडच्या मागे गेले. वर्गात बसल्यावर पुन्हा कधी हात वर करायचा नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं होतं.

"मॅडम, हुरडा तुरट निघाला."

"किती तुरट?"

"जीभ उन्हात वाळत घातल्यासारखी झाली."

"बी कसलं होतं? तपकिरी?"

"हो."

"आणि पाखरं येत नाहीत?"

"एकसुद्धा नाही."

"अगं आफरीन!" मॅडम इतक्या जोरात म्हणाल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "टॅनिन आहे ते! तू रविवारच्या सहलीचा अख्खा धडा खाऊन बसलीस!"

मॅडमना आनंद झाला होता. मी रडायच्या बेतात, आणि मॅडमना आनंद! मग त्या सांगत सुटल्या. ज्वारीचा दाणा दुधात असतो तेव्हा सगळ्यात मऊ, सगळ्यात गोड, आणि सगळ्यात असहाय. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. मग काही ज्वाऱ्या दाण्याच्या सालीखाली टॅनिन भरून ठेवतात. फिनॉलिक संयुगं म्हणतात त्यांतलाच हा एक प्रकार. बाभळीच्या सालीत तेच, डाळिंबाच्या टरफलात तेच, फार उकळलेल्या चहात तेच. टॅनिन प्रथिनांना पकडून धरतं. आपली लाळ बुळबुळीत असते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिननं ती पकडली की तोंड खरखरीत. पाखरानं तरीही गिळलंच तर पोटात दाण्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. एकदा अनुभव आला की ते पुन्हा तिथं खात नाही.

"मग काय करतं?"

"दुसरीकडे जातं. जिथं हे नाही तिथं."

मी बांधापलीकडे बघितलं. भोरड्यांची चादर मावशींच्या ज्वारीवर उतरत होती. मावशी माळ्यावर उभ्या राहून ओरडत होत्या, पण आवाज फाटला होता, आणि पाखरांनी त्याची पर्वा सोडली होती. आमच्या शेतावरून तो थवा सरळ पुढे गेला. जणू आमचं शेत नव्हतंच.

"मॅडम, तुम्ही या," मी म्हणाले. "रविवारी नक्की या." का म्हणाले? मला अजून माहीत नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं होतं.

मामूला सगळं सांगितलं. त्याला प्रथिनांत रस नव्हता. शेवटचं मात्र त्यानं दोनदा विचारलं. "मतलब, भोरड्या आपल्याकडेही उतरल्या असत्या तर दोन्ही शेतांत वाटून खाल्लं असतं?"

"हो."

"आणि आता सगळ्याच्या सगळ्या केराक्काकडे."

"हो."

"आणि मी हसलो होतो."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं बांध ओलांडून गेलो. मामूच्या हातात आमच्या ज्वारीची चार भाजलेली कणसं. मावशींनी माळ्यावरूनच विचारलं, "काय काम काडलंस?"

"केराक्का, औषध नाही मारलं. बघा, मीच खातो." आणि मामूनं मूठभर दाणे तोंडात टाकले. चेहरा हसरा ठेवायचा त्याचा प्रयत्न होता. ओठ पिशवीची नाडी ओढल्यासारखे गोळा झाले, तरी तो म्हणाला, "मश्त है."

मावशी खाली उतरल्या. दोन दाणे घेतले, चावले. "थूऽ! बाभळीची साल हाय का काय ही?"

"तेच आहे त्यात," मी म्हणाले. "बाभळीतलंच. बाहेरून कुणी मारलेलं नाही, ज्वारीच आतून तयार करते. पाखरांनी खाऊ नये म्हणून."

मावशींनी कणीस उलटंपालटं करून बघितलं. "म्हंजी जुंधळाच चावतोय म्हण की!"

"हो! अगदी तसंच!"

"आन् त्येला चावायला भिऊन समदी माज्याकडं."

मग मी सांगितलं. उद्या चाळीस मुलं येणार आहेत, आमच्याकडे त्यांना घालायला काही नाही, तुमचा हुरडा द्याल का.

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "अस्सं! तुमचा तुरट निगाला तवा माजा ग्वाड लागला व्हय?"

मामूनं मान खाली घातली. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "व्हय, मावशी. आणि तुमचा पाखरं खातात तो आमच्यामुळं. म्हणून आम्ही आज राखणीला आलोय. हुरडा तुम्ही दिला नाही तरी राखण करणार."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू? तुला आवाज तरी हाय का? परवा बांधावर हुतीस तर मला वाटलं मुकीच हाय पोर. चड वर. वरड बगू."

माळा हलत होता. वर गेले तर सगळं रान पायाखाली, आणि त्यावर भोरड्या, ही गर्दी, कचाकच खातायत. मी ओरडले, "हुश्श!"

"पाखरं हायती ती," खालून मावशी. "निजल्यालं बाळ न्हाय. जोरात!"

"हूऽऽश!"

"पाखरं हसाय लागली बग तुला."

मामू हसला. मला राग आला. मी पोटातून हवा ओढली, अगदी बेंबीपासून, डोळे मिटले आणि सोडली. "हाऽऽऽ हुर्र्याऽऽऽ!"

मी शपथेवर सांगते, तो आवाज माझा आहे हे मला आधी कळलंच नाही. सगळं रान फडफडलं. हजार पंख एकदम उठले, गुलाबी-काळं-गुलाबी, आणि त्यांचा वारा माझ्या तोंडावर आला. थवा वळला, माझ्यावरून गेला, आणि लांबच्या बाभळींवर जाऊन बसला.

"हाय की आवाज!" मावशी ओरडल्या. "कुटं ठिवला हुतास इतकी वर्सं?"

त्या दिवशी आम्ही दिवसभर राखण केली. मी माळ्यावर, मामू खालच्या बांधावर पत्र्याचा डबा घेऊन. मध्येच डबा ठेवून तो तोंडानं टेम्पोचा हॉर्न वाजवायचा आणि पाखरं डब्यापेक्षा हॉर्नला जास्त उठायची. अम्मीनं डबा पाठवला होता, तो आम्ही तिघांनी माळ्याच्या सावलीत खाल्ला. मावशींनी खांद्याला तेल लावून घेतलं आणि किती तरी दिवसांनी दुपारी जरा आडव्या झाल्या. झोपेतसुद्धा म्हणत होत्या, "डावीकडं बग, डावीकडं."

दिवस मावळताना त्यांनी सगळ्या रानातून एक फेरी मारली. वरच्या अंगाचं बरंच गेलं होतं, पोकळ कणसं नुसती उभी होती. पण खालची पट्टी शाबूत होती. दाबून बघितलं, दाण्यातून दूध आलं.

"चाळीस लेकरं म्हनलीस न्हवं?"

"हो."

"सकाळच्या पारी ये. तोडायला हात लागतील." आणि मामूकडे न बघता, "हॉर्नवाल्यालाबी आण."

रविवारी बस आली. मॅडमनी आधी सगळ्यांना आमच्या शेतात उभं केलं आणि प्रत्येकाला आमच्या हुरड्याचे दोन-दोन दाणे खायला लावले. सृष्टीचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही! ती म्हणाली, "आफ्री, एवढ्यासाठी तू टाळ्या घेतल्यास?" सगळे थू थू करत असताना मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, आणि मला वाटतं नववीत टॅनिन विसरणारं आता कुणी उरलेलं नाही. मग बांधापलीकडे. दहा-दहा जणांच्या पाळ्या लावल्या; एक तुकडी राखणीला, बाकीच्या खायला. मी प्रत्येक तुकडीला ओरडायला शिकवलं. मी! सृष्टीला म्हणाले, "पाखरं आहेत ती, निजलेलं बाळ नाही," आणि मावशी आगटीपाशी बसून खदखदून हसल्या.

हो, आगटीपाशी मावशीच बसल्या होत्या. मामूनं पेटवलेल्या गोवऱ्या बघून म्हणाल्या, "आगटी हाय का होळी? सर बाजूला." त्यांनी निखारे पसरले, कणसं अलगद पुरली, वळवली, बरोबर वेळी काढली. पहिलं कणीस चोळून मूठ मामूसमोर धरली. "खा. पावण्याला घालायच्या आदी घरच्यानं खावं."

मामूनं खाल्लं. डोळे मिटून, हळूहळू. मग त्यानं दुसरा हातही पुढे केला. मावशी म्हणाल्या, "आता लेकरास्नी र्‍हाऊ दे की!"

गोड. काय गोड म्हणून सांगू! दाणा दाताखाली फुटायचा आणि दूध यायचं, मग धुराचा वास, मग शेंगदाण्याची चटणी. ज्याच्या हातात कणीस तो बोलतच नव्हता, आमच्या वर्गाच्या इतिहासात असं झालेलं नाही.

जाताना मॅडमनी मामूला विचारलं, त्यांच्या बहिणीच्या शाळेला पुढच्या रविवारी यायचंय, जमेल का? मामूनं मावशींकडे बघितलं. हो म्हणणं एकट्या त्याच्या हातात नव्हतं, हे त्याला आता कळत होतं.

मावशी हात झटकत उठल्या. "भाजीन मी. राकण तू करायची, सकाळपास्नं. झोका तुजा, शाळू माजा, आलेलं दोगांत. आन् पुडल्या साली बी आणायला मला इचारल्याबिगर गेलास तर बग."

"और ये तुरट ज्वारी का क्या करूँ, अक्का?"

"कडबा माज्या मेंढरास्नी. दाना पिकला की बगू, भाकरीला चालतोय का." मग माळ्याकडे बोट. "चड. भोरड्या तुजी वाट बगत न्हाईत."

मामू मुकाट्यानं माळ्यावर चढला.

बस सुटायला अजून वेळ होता. मी गुपचूप बांध ओलांडून आमच्या ज्वारीत शिरले. आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही, फक्त धाटं, पानांची सळसळ आणि वर आभाळाचे तुकडे. एक पाखरू नाही. या ज्वारीनं कुणाचं काय वाईट केलं होतं? तिचा दाणा तिनं सांभाळला, एवढंच. तिला आवाज नव्हता म्हणून तिनं तुरटपणा केला. आणि तिनं तुरटपणा केला म्हणून मी त्या माळ्यावर चढले, मावशी आमच्याशी बोलल्या, मामूला शेजारीण मिळाली. मला एकदम इतकं भरून आलं की कुणाला काय म्हणावं कळेना. मी एक कणीस दोन्ही हातांत धरलं आणि जोरात म्हणाले, "शुक्रियाऽऽ!"

लांब माळ्यावरून मामूचा आवाज आला, "आफ्रीऽऽ, तिकडं कायकू ओरडती गे? तिकडं कोण येतंय?"

"मी आलेय की!" मी ओरडले. इतक्या जोरात, की बसमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं.